डेफिनिटली: स्पेलिंग, अर्थ आणि वापर

एका विद्यार्थिनीने नोकरीचा होकार कळवणारं पत्र पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. पत्र नेटकं होतं, आठ-दहा ओळींचं. शेवटी तिला म्हणायचं होतं, ‘मी सोमवारी नक्की रुजू होईन.’ लिहिलं होतं, ‘आय विल डिफायंटली जॉइन ऑन मंडे.’ डिफायंटली म्हणजे कुणालाही न जुमानता, नाकावर टिच्चून. ज्यांनी तिला आपणहून बोलावलं, त्यांनाच हे वाक्य जाणार होतं. शब्दाखाली लाल रेघ नव्हती, कारण डिफायंटली हा इंग्रजीतला खरा शब्द आहे आणि तिने लिहिलेलं त्याचं स्पेलिंग अचूक होतं.

मी तिला मनातला शब्द मोठ्याने म्हणायला सांगितला. ती म्हणाली, ‘डेफिनेटली’. मग तो ऐकू येतो तसा कागदावर लिहायला लावला. तिने लिहिलं: डी-ई-एफ-आय-एन-ए-टी-एल-वाय. नऊ अक्षरं. आता डिफायंटलीची अक्षरं पाहा: डी-ई-एफ-आय-ए-एन-टी-एल-वाय. तीही नऊ, आणि तीच नऊ. फक्त मधल्या ‘एन’ आणि ‘ए’ यांनी जागा बदलल्या आहेत. कॉम्प्युटरच्या हिशोबाने टाइप करताना दोन अक्षरं उलटसुलट पडली होती. त्याने ती सरळ करून शब्द सुचवला आणि तिने विश्वासाने तो घेतला.

याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. आपण मराठीत हा शब्द ‘डेफिनेटली’ असा बोलतो आणि देवनागरीत लिहितोही तसाच. त्या ‘ने’मध्ये चुकीचं मूळ आहे. कानाला ‘ने’ ऐकू आला की हात ‘ए’ लिहितो. म्हणून या लेखात मी हा शब्द सगळीकडे ‘डेफिनिटली’ असा लिहिणार आहे. तुम्हीही मराठीत लिहिताना तसाच लिहून पाहा. निम्मं काम तिथेच होतं.

आधी स्पेलिंग

बरोबर स्पेलिंग असं: डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई-एल-वाय. एकूण दहा अक्षरं. एकही अक्षर जोडीने येत नाही. दोन ‘एफ’ नाहीत, दोन ‘टी’ नाहीत, दोन ‘एल’ नाहीत. आणि इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर, म्हणजे ‘ए’, या शब्दात कुठेच नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

पहिली पायरी: शब्दाचे तीन तुकडे करा. डी-ई. मग एफ-आय-एन-आय-टी-ई. मग एल-वाय. दोन, सहा आणि दोन अक्षरं. मधला सहा अक्षरांचा तुकडा म्हणजे ‘फायनाइट’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे मर्यादित, ज्याला अंत आहे असा. तो इथे योगायोगाने बसलेला नाही. लॅटिनमध्ये ‘फीनिस’ म्हणजे शेवट, हद्द. त्यावरून ‘डेफीनीरे’ म्हणजे हद्द आखणे, एखादी गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते ठरवून टाकणे. जी गोष्ट अशी आखून दिली ती ‘डेफिनिट’. हे विशेषण सोळाव्या शतकात इंग्रजीत आलं आणि त्याला ‘एल-वाय’ जोडून आपलं क्रियाविशेषण तयार झालं. फिनिश, फायनल, फायनान्स, इन्फिनिटी हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द त्याच मुळातून आलेले आहेत, आणि त्या प्रत्येकात ‘एफ-आय-एन’ ही तीन अक्षरं सलग सापडतात. मूळ लॅटिन शब्दातच ‘आय’चा स्वर असल्यामुळे डेफिनिटलीमध्ये ‘ए’ शिरायला वाव नाही.

लिहिताना मनातल्या मनात ‘डी-फायनाइट-ली’ म्हणा. हे फक्त हातासाठी आहे. बोलताना ‘डेफिनाइटली’ म्हणू नका, तो उच्चार चुकीचा आहे.

दुसरी पायरी आपल्या लिपीची आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते. डेफिनिटचा मराठी अर्थ काय? निश्चित. आता ‘निश्चित’ लिहून पाहा. त्यात दोन ऱ्हस्व वेलांट्या आहेत: ‘नि’ची एक, ‘श्चि’ची दुसरी. ‘डेफिनिट’ लिहा. त्यातही दोनच: ‘फि’ आणि ‘नि’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’ही दोनच. अर्थ तोच आणि वेलांट्याही तितक्याच. ज्याला ‘निश्चित’ शुद्ध लिहिता येतो त्याला हे स्पेलिंग चुकवायचं कारण उरत नाही. (‘निश्चीत’ असं लिहिणारेही पुष्कळ भेटतात. त्यांचीही यात आपोआप दुरुस्ती होते.)

तिसरी पायरी स्वरांची. ‘ली’ बाजूला ठेवा आणि उरलेल्या शब्दातली स्वराक्षरं क्रमाने वाचा: ई, आय, आय, ई. दोन्ही टोकांना ‘ई’, आत दोन ‘आय’. उलटीकडून वाचलं तरी क्रम तोच. हा आकार एकदा डोळ्यांत बसला की ‘ए’ घुसलेला शब्द दिसताक्षणी खटकतो.

चौथी पायरी शेवटच्या ‘ई’ची. पुष्कळ जण मधला ‘आय’ बरोबर लिहितात आणि ‘एल-वाय’च्या आधीचा ‘ई’ गाळतात, कारण तो ऐकूच येत नाही. नियम सोपा आहे: पुढे लागणारा प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर शेवटचा मुका ‘ई’ सहसा राहतो. ‘एल’ व्यंजन आहे, म्हणून ‘ई’ राहतो. नाइस-नाइसली, सेफ-सेफली, कम्प्लीट-कम्प्लीटली, सगळीकडे तेच. ट्रू-ट्रूली, ड्यू-ड्यूली असे मोजके शब्द हा नियम मोडतात. डेफिनिटली मोडत नाही.

कान का फसवतो

इंग्रजीत शब्दाच्या एकाच भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग ढिले पडतात. डेफिनिटलीमध्ये जोर ‘डे’वर आहे. त्यानंतरचा ‘फि’ हलका, आणि ‘नि’ तर इतका हलका की त्याचा स्वर तोंडातल्या तोंडात विरणाऱ्या ‘अ’सारखा होतो: डे-फि-नट्-ली. घाईत बोलताना ‘फि’ही आक्रसतो आणि कानावर ‘डेफ्नट्ली’ एवढंच पडतं, त्यातला ‘ट’ही अर्धा गिळलेला. असा विरलेला ‘अ’ इंग्रजीत कुठल्याही स्वराक्षराने लिहिलेला असू शकतो. तो ऐकून तिथे ‘ए’ आहे, ‘ई’ आहे की ‘आय’, हे ओळखता येत नाही. म्हणूनच ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही हा शब्द सर्रास चुकवतात.

मराठीत मात्र प्रत्येक अक्षर आपण स्वच्छ उच्चारतो, आणि विरलेल्या स्वरासाठी आपल्याकडे वेगळं चिन्ह नाही. म्हणून असे इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण त्या जागी एक ठसठशीत स्वर बसवतो. डेफिनिटलीच्या वाट्याला ‘ने’ आला. का आला, तेही सांगते. इमिजिएटली, अप्रॉक्झिमेटली, फॉर्च्युनेटली, सेपरेटली, अल्टिमेटली, डेलिबरेटली. हे सगळे शब्द आपण ‘एटली’ असेच संपवतो आणि या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये खरोखरच ‘ए-टी-ई-एल-वाय’ आहे. हे कुटुंब फार मोठं आहे. त्याच्या शेजारी ‘आय-टी-ई-एल-वाय’वाल्यांचं घर लहान: डेफिनिटली, इनडेफिनिटली, इन्फिनिटली आणि आणखी थोडे. पोलाइटलीही त्यातलाच, पण तिथे ‘लाइट’ स्पष्ट ऐकू येतो म्हणून कुणी चुकत नाही. बहुसंख्यांच्या चालीवर आपण अल्पसंख्यालाही ओढून नेलं, एवढंच.

मग कोणता शब्द कुठल्या घरातला, हे कसं ओळखायचं? त्याचं नाम आठवा. सेपरेटवरून सेपरेशन, अप्रॉक्झिमेटवरून अप्रॉक्झिमेशन, डेलिबरेटवरून डेलिबरेशन. नामात ‘एशन’ ऐकू आलं की विशेषणात ‘ए’. उलट अपोझिटवरून अपोझिशन, कंपोझिटवरून कंपोझिशन. नामात ‘इशन’ आलं की विशेषणात ‘आय’. डेफिनिटच्या नात्यातलं नाम आहे डेफिनिशन, म्हणजे व्याख्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्यापैकी कितीतरी जण शाळेपासून ‘डेफिनेशन’ म्हणत आणि वहीत तसंच, ‘ए’ घालून, लिहीत आलेले असतात. विज्ञानाची, गणिताची, अर्थशास्त्राची प्रत्येक व्याख्या त्या चुकलेल्या मथळ्याखाली पाठ होते. बरोबर शब्द डेफिनिशन आहे आणि त्यात ‘आय’ तीन आहेत: डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-आय-ओ-एन. हे दोन्ही शब्द एकत्रच सुधारा. एक ‘डेफिनेशन’ जिभेवर राहिलं तर ते उद्या दुसऱ्यालाही परत बिघडवेल.

नामाची ही युक्ती आधारापुरतीच वापरा. इमिजिएट, अ‍ॅक्युरेट अशा शब्दांना असं ‘एशन’वालं नाम नाही, तरी त्यांच्यात ‘ए’ आहे. ते तसेच लक्षात ठेवावे लागतात.

आणि एक जोडी कायमची पाठ करा. डेफिनिटचे स्वर ई-आय-आय-ई. सेपरेटचे ई-ए-ए-ई. घडण हुबेहूब तीच, फक्त आतली जुळी अक्षरं वेगळी. गंमत अशी की सेपरेटमध्ये लोक उलटी चूक करतात: ‘पी’नंतर ‘ए’ हवा तिथे ‘ई’ लिहितात. दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून पाहिले की दोन्ही चुका एकदम सुटतात.

अर्थ: ‘नक्की’ म्हणजे नेहमी डेफिनिटली नव्हे

शब्दकोशातला अर्थ सोपा आहे: नक्की, निश्चितपणे, खात्रीने. वापरात त्याची चार कामं दिसतात. एक, शंका नाही असं सांगणे: ‘धिस इज डेफिनिटली हर हँडरायटिंग’, हे तिचंच अक्षर आहे. दोन, ठरलेला बेत पक्का असल्याचं सांगणे: ‘वी आर डेफिनिटली लीव्हिंग ऑन फ्रायडे’, शुक्रवारी निघायचं पक्कं आहे. तीन, मतावर जोर देणे: ‘द सेकंड डिझाइन इज डेफिनिटली बेटर’, दुसरं डिझाइन निर्विवाद चांगलं आहे. चार, समोरच्याशी पूर्ण सहमत होणे, आणि त्यासाठी एकटा शब्दही पुरतो: ‘डेफिनिटली!’

पण आपण इंग्रजी बोलताना मनात ‘नक्की’ हा शब्द धरून चालतो, आणि ‘नक्की’ची कामं याहून जास्त आहेत. खरी अडचण इथे होते.

प्रश्नातला ‘नक्की’ घ्या. ‘नक्की काय झालं?’ इथे आपण खात्री मागत नाही, नेमकेपणा मागतो. याचं इंग्रजी ‘व्हॉट एक्झॅक्टली हॅपन्ड?’ असं होतं. इथे डेफिनिटली टाकलं तर वाक्याचा अर्थच लागत नाही. ‘नक्की कुठे भेटायचं?’, ‘तुला नक्की कोण म्हणालं?’ हेही एक्झॅक्टलीचेच प्रश्न. सोपी कसोटी: ‘नक्की’च्या जागी ‘नेमकं’ बसत असेल तर एक्झॅक्टली, ‘खात्रीने’ बसत असेल तर डेफिनिटली.

नकारातला ‘नक्की’ आणखी जपून हाताळावा लागतो. ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणताना आपल्याला थोडंफार माहीत असतं, फक्त खात्री नसते. याचं इंग्रजी ‘आय एम नॉट शुअर’ किंवा ‘आय डोन्ट नो फॉर शुअर’. मुलाखतीत कुणी घाईने ‘आय डेफिनिटली डोन्ट नो’ म्हणालं तर ऐकणाऱ्याला कळतं, ‘मला हे अजिबात माहीत नाही, हे अगदी पक्कं.’ दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसंच ‘डेफिनिटली नॉट’ म्हणजे नक्कीच नाही, मुळीच नाही. आणि ‘नॉट डेफिनिटली’ म्हणजे तसं पक्कं नाही, बदलू शकतं.

आमंत्रणातला ‘नक्की’ तिसरा. ‘नक्की या हं’ हे आपलं प्रेमाचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून ‘डेफिनिटली कम’ असं लिहिलं जातं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण इंग्रजीत डेफिनिटली हा आज्ञार्थी वाक्याचा शब्द नाही. तो विधानाची खात्री देतो, आग्रह करत नाही. आग्रहासाठी इंग्रजीत ‘डू’ आहे: ‘डू कम’, ‘प्लीज डू कॉल मी’. इतका छोटा शब्द आपल्या ‘नक्की’तली सगळी आपुलकी पेलतो.

आता ‘च’. मराठीत खात्री सांगायला पुष्कळदा वेगळा शब्द लागतच नाही, ‘च’ पुरतो. पण हा ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच अधोरेखित करतो. ‘तो उद्या येणारच’ म्हणजे येण्याबद्दल शंका नाही: ‘ही विल डेफिनिटली कम टुमॉरो.’ ‘तो उद्याच येणार’ म्हणजे उद्या, त्याच्या आधी नाही की नंतर नाही. ‘तोच उद्या येणार’ म्हणजे दुसरा कुणी नाही, तो. या तिन्हींपैकी डेफिनिटली फक्त पहिल्यात चालतं. क्रियापदाला लागलेला ‘च’ असेल तर डेफिनिटलीचा विचार करा. नामाला किंवा वेळेला लागलेला असेल तर इंग्रजी वाक्य वेगळ्या तऱ्हेने बांधावं लागतं, किंवा बोलताना त्या शब्दावर आवाजाचा जोर द्यावा लागतो. ‘हे तिचंच अक्षर’ या वरच्या उदाहरणात ‘च’ जरी ‘तिचं’ला लागला असला, तरी ती ओळखच विधानाचा गाभा आहे, म्हणून तिथे डेफिनिटली शोभलं.

वाक्यात जागा कुठे

मराठीत ‘नक्की’ कुठेही ठेवा, वाक्य उभं राहतं: मी नक्की तुला फोन करेन, मी तुला नक्की फोन करेन, करेन मी तुला फोन, नक्की. इंग्रजीला हा मोकळेपणा नाही. जागा ठरलेल्या आहेत आणि त्या चार ओळींत सांगता येतात.

‘इज, आर, वॉज’ अशी रूपं एकटी असतील तर त्यांच्यानंतर: ‘शी इज डेफिनिटली राइट.’
साधं क्रियापद एकटं असेल तर त्याच्या आधी: ‘आय डेफिनिटली लॉक्ड द डोअर.’
सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘ही हॅज डेफिनिटली लेफ्ट’, ‘आय विल डेफिनिटली कॉल यू.’
‘डोन्ट, वोन्ट, कान्ट’ असं आखडलेलं नकारार्थी रूप असेल तर त्याच्या आधी: ‘ही डेफिनिटली वोन्ट कम.’ नकार सुटा लिहिला तर शब्द पुन्हा मध्ये जातो: ‘ही विल डेफिनिटली नॉट कम.’

छोट्या उत्तरात मात्र तो सहायकाच्या पुढे येतो. ‘इज शी कमिंग?’ ‘यस, शी डेफिनिटली इज.’ इथे ‘इज’वर जोर असतो. तोच जोर हवा असेल तर ‘आय डेफिनिटली विल कॉल यू’ असंही म्हणता येतं, पण त्यात ‘करेन म्हटलं ना, करेन’ असा सूर येतो. साध्या आश्वासनाला ‘विल डेफिनिटली’ बरं.

क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये हा शब्द कधीही घालू नये. ‘आय विल कॉल डेफिनिटली यू’ हे वाक्य इंग्रजी कानाला सहन होत नाही. वाक्याच्या शेवटी, स्वल्पविराम देऊन, बोलताना चालतो. सुरुवातीला लेखी इंग्रजीत तो फारसा शोभत नाही; तिथे सर्टनली जास्त बरा दिसतो.

आणखी एक: ‘मे’ आणि ‘माइट’ यांच्याबरोबर याचं जमत नाही. ‘इट माइट डेफिनिटली रेन’ म्हणजे ‘कदाचित नक्की पाऊस पडेल’. मराठीतही हे विचित्रच वाटतं. शंका असेल तर ‘प्रॉबॅबली’, खात्री असेल तर ‘विल डेफिनिटली’. मधलं हवं असेल तर ‘ऑलमोस्ट सर्टनली’ हा नेमका प्रयोग तयार आहे.

शेजारचे शब्द

डिफायंटलीची ओळख सुरुवातीलाच झाली. त्याचा जोर दुसऱ्या भागावर असतो, डि-फा-यंट-ली, आणि उच्चारात तो डेफिनिटलीच्या जवळपासही नाही. गोंधळ फक्त टायपिंगमध्ये होतो.

अवघड शब्द डेफिनिटिवली आहे, कारण तो खरोखर नात्यातला आहे. डेफिनिटली म्हणजे बोलणाऱ्याला शंका नाही. डेफिनिटिवली म्हणजे विषयाचा निकाल लागला, पुन्हा उघडायचं कारण नाही. गणिताच्या इतिहासातलं एक उदाहरण या फरकासाठी अगदी नेमकं आहे. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. तेव्हा सभागृहातला कुणी उत्साहाने ‘ही हॅज डेफिनिटली डन इट’ म्हणाला असता तर ते त्याच्या मनातल्या खात्रीचं प्रामाणिक वाक्य ठरलं असतं. पण त्या सिद्धतेत एक फट सापडली. सप्टेंबर १९९४ मध्ये, रिचर्ड टेलर यांची मदत घेऊन, वाइल्स यांनी ती बुजवली आणि १९९५ मध्ये पूर्ण सिद्धता छापून आली. प्रमेय ‘डेफिनिटिवली’ सिद्ध झालं ते तेव्हा. मनातली खात्री चुकू शकते. डेफिनिटिवली लिहायला हातात पुरावा लागतो. शोधनिबंधात, तपासणीच्या अहवालात हा फरक फार मोलाचा आहे.

इनडेफिनिटली दिसतो डेफिनिटलीच्या उलट, पण त्याचा अर्थ ‘नक्की नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ बेमुदत. ‘द मीटिंग इज पोस्टपोन्ड इनडेफिनिटली’ म्हणजे बैठक बेमुदत पुढे ढकलली. हद्द आखलेलीच नाही, म्हणून इनडेफिनिट. ‘फीनिस’ इथेही काम करतो.

शुअरली हा आपल्याला सर्वांत जास्त दगा देणारा शब्द. ‘मी नक्की येईन’ यासाठी ‘आय विल शुअरली कम’ आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. पण आजच्या इंग्रजीत शुअरलीमध्ये खात्रीपेक्षा अपेक्षा जास्त असते: ‘शुअरली यू रिमेंबर हर’ म्हणजे ‘तुला ती आठवत असेलच ना?’ बोलणारा समोरच्याच्या होकाराची वाट पाहतो आहे. आश्वासन देताना शुअरली सोडा आणि डेफिनिटली वापरा.

सर्टनली अर्थाने सख्खा भाऊ, फक्त थोडा औपचारिक. विनंतीला होकार देताना (‘कुड यू सेंड मी द फाइल?’) ‘सर्टनली’ किंवा ‘शुअर’ जास्त सहज वाटतं.

कधी गाळावा

बोलण्यात हा शब्द कितीही वेळा येऊ द्या. लिहिताना मात्र प्रत्येक वेळी तो झाकून वाक्य वाचा. ‘द रिपोर्ट विल डेफिनिटली बी रेडी बाय फाइव्ह’ मधून शब्द काढला तर उरतं, ‘द रिपोर्ट विल बी रेडी बाय फाइव्ह’. दुसरं वाक्य मला जास्त ठाम वाटतं. डेफिनिटलीची खरी गरज तिथे असते जिथे समोरच्याच्या मनात शंका आहे. त्याने विचारलं असेल, ‘नक्की ना?’, तर उत्तरात तो शब्द हवाच. कुणी विचारलेलंच नसताना एका पत्रात तो तीन वेळा आला, तर वाचणाराच विचार करू लागतो की ही व्यक्ती इतकं पटवून का देते आहे. अर्जात एकदा पुरे. करारात किंवा नियमावलीत एकदाही नको. तिथे ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ आपलं काम करतात.

टाइप करताना

लाल रेघेवर विसंबू नका, कारण डिफायंटलीला ती सहसा येत नाही. तीन गोष्टी आजच करून टाका. कॉम्प्युटरवरच्या लेखन-प्रोग्राममध्ये आपोआप दुरुस्तीची यादी असते. तिच्यात आपली नेहमीची चुकीची रूपं (‘ए’वालं, शेवटचा ‘ई’ गाळलेलं) आणि त्यांच्यासमोर बरोबर रूप लिहून ठेवा. फोनचा कीबोर्ड आपण वारंवार टाइप केलेला चुकीचा शब्द शिकून घेतो आणि तोच परत सुचवतो. बऱ्याच कीबोर्डमध्ये सुचवलेला शब्द दाबून धरला की तो काढून टाकता येतो. आणि पाठवलेल्या ई-मेलच्या शोधचौकटीत डिफायंटली हा शब्द टाकून पाहा. तुमचा एखादा तयार मसुदा असेल आणि त्यात तो बसलेला असेल, तर तो दरवेळी तसाच जातो आहे.

हातानेही लिहा. माझ्या त्या विद्यार्थिनीने कागदाच्या एका पट्टीवर तीन तुकडे तीन रंगांत लिहिले, पट्टी उलटी करून न बघता पुन्हा लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी काही न बघता एकदा लिहिले. पुन्हा पुन्हा वीस वेळा गिरवण्यापेक्षा एका दिवसाचं अंतर ठेवून आठवून लिहिलेलं एकदाचं लिखाण जास्त टिकतं.

करून पाहा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत लिहा, मग पुढचं वाचा.

‘ही चूक माझी नक्कीच नाही.’ होईल: ‘धिस इज डेफिनिटली नॉट माय मिस्टेक.’

‘त्याला नक्की किती वाजता निघायचं आहे?’ इथे नेमकी वेळ विचारली आहे, म्हणून ‘व्हॉट टाइम एक्झॅक्टली डज ही हॅव टू लीव्ह?’

‘परीक्षा बेमुदत पुढे गेली.’ ‘द एक्झॅम हॅज बीन पोस्टपोन्ड इनडेफिनिटली.’

‘पुढच्या वेळी नक्की भेटायला या.’ ‘डू कम अँड सी अस नेक्स्ट टाइम.’

‘मी दार लावलंच होतं.’ क्रियापदावरचा ‘च’ आहे आणि दार लावलं की नाही यावर कुणीतरी शंका घेतली आहे, म्हणून ‘आय डेफिनिटली लॉक्ड द डोअर.’

‘तिचं यायचं अजून नक्की नाही.’ इथे क्रियाविशेषण लागतच नाही, विशेषण पुरतं: ‘इट इजन्ट डेफिनिट येट दॅट शी इज कमिंग.’ डेफिनिट लिहिताना आतले दोन ‘आय’ मोजून घ्या.